ट्रॅक्टरच्या टर्बोचा सांडवा

गाळपाचा हंगाम जवळ आला म्हणजे बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. कोणी क्लचपाट्या बदलून घेतो, कोणी ट्रॉलीचे पाटे बांधून घेतो, कोणी नवे टायर चढवितो. ही सर्व कामे योग्यच होत. परंतु अलीकडे या रांगेत आणखी एका कामाची भर पडली आहे व त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ते काम म्हणजे टर्बोची दांडी आखडून घेणे. ट्रॅक्टरवाला येतो, "ओढ कमी पडते" असे सांगतो, मिस्त्री पाना लावून दांडीचे दोन-तीन आटे फिरवितो, मालक मजुरी देऊन निघून जातो. दांडी पूर्वी किती लांब होती, आता किती झाली, किती दाबावर हलत होती व आता किती दाबावर हलते, याची ना कोणी मोजणी करतो, ना कोणी नोंद ठेवतो. आमचे म्हणणे एवढेच की, हे काम मोजणीवाचून होता कामा नये. आणि मोजणीची साधने प्रत्येक शेतकऱ्याने विकत घ्यावी अशी स्थिती नसल्यामुळे ती आपल्या संघाने राखावी.

प्रथम ही दांडी कशाची, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. डिझेल इंजिनात जितकी हवा जाईल तितकेच डिझेल नीट जळते. हवा अपुरी पडली तर डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो व बळ मिळत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुष्कळ शक्ती शिल्लक असते व ती सायलेन्सरवाटे फुकट जाते. तिच्याच जोरावर एक चक्र फिरवावे, आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकावरील चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही युक्ती अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनीयराने काढली व तिचे पेटंट १९०५ साली घेतले. यालाच टर्बोचार्जर म्हणतात. आपल्या बोलण्यात तो नुसता 'टर्बो' झाला आहे. त्याची चक्रे मुठीएवढी लहान असली तरी भारावर ती मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतात, व त्यांचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूशी गंमत करणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता यात एक अडचण आहे. इंजिनावर भार वाढला की तप्त वायू वाढतो, वायू वाढला की चक्र अधिक फिरते, चक्र अधिक फिरले की हवा अधिक भरते, हवेबरोबर डिझेल अधिक जळून वायू पुन्हा वाढतो. हे चक्र कोठे तरी थांबविले नाही तर शेवट मोडण्यातच व्हावयाचा. म्हणून पुष्कळ टर्बोंत तप्त वायूच्या वाटेवर एक लहानसे दार ठेवलेले असते. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेस पोचला की ते उघडते, व जास्तीचा वायू चक्रास न लागता बाजूने निघून जातो. कारागीर यास वेस्टगेट म्हणतात. आम्ही त्यास टर्बोचा सांडवा म्हणतो, कारण आपल्या भागातील माणसास त्याचे काम समजावयास याहून सोपा शब्द नाही.

आपण बारामती-इंदापूरचे लोक पाण्यावर वाढलो. नीरा डावा कालवा १८८५ सालापासून आपल्या शिवारातून वाहत आहे. सांडवा नसलेले धरण कोणी बांधीत नाही, हे आपल्याकडील पोरासही कळते. पुणे जिल्ह्यातच याचे एक उत्तम उदाहरण घडलेले आहे. दख्खनच्या कालव्यांवर ज्यांनी ब्लॉक पद्धत घातली, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या तलावास १९०३ साली स्वतः योजलेली स्वयंचलित दारे बसविली. पाणी नेमलेल्या उंचीस पोचले की ती दारे माणसाचा हात न लागता उघडत, व पातळी उतरली की आपोआप मिटत. ते जुने धरण पुढे १९६१ च्या पानशेतच्या प्रलयात फुटले, ती हकीकत निराळी. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ती दारे पाणी कमी साठवावे म्हणून बसविलेली नव्हती. सांडव्याच्या माथ्यावर अधिक पाणी निर्धास्तपणे साठविता यावे म्हणूनच बसविलेली होती. अधिकाची इच्छा विश्वेश्वरय्यांनाही होती. मात्र त्यांनी आधी मोजले, धरणास किती भार सोसेल ते ठरविले, आणि मग दार त्या मापास बसविले. आमचा मिस्त्री दाराचे माप अगोदर बदलतो आणि इंजिनास काय सोसेल हे नंतर मालकाच्या खर्चाने शिकतो, एवढाच काय तो फरक.

टर्बोचे हे दार उघडण्यासाठी त्याच्या बाजूस पत्र्याची एक गोल डबी बसविलेली असते. तिला ॲक्च्युएटर म्हणतात. डबीच्या आत एक रबरी पडदा व त्याच्या मागे एक स्प्रिंग असते. टर्बोने दाबलेली हवा एका बारीक नळीतून डबीत येते व पडद्यास ढकलते. स्प्रिंग त्यास मागे रेटते. हवेचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की पडदा सरकतो, पडद्यास जोडलेली दांडी पुढे येते व दाराची तरफ फिरवून दार उघडते. दांडी आखडली म्हणजे दार अधिक घट्ट दाबले जाते, स्प्रिंगला आधीच ताण बसतो, व दार उघडण्यास पूर्वीपेक्षा अधिक दाब लागतो. दांडी लांबविली तर उलट घडते. दार लवकर उघडते व हवा कमी भरते. सर्व यंत्र एवढेच आहे. ते साधे आहे म्हणूनच त्यास कोणीही हात घालतो.

येथे एक सावधगिरी सांगून ठेवितो. काही ट्रॅक्टरांच्या टर्बोस असे दार मुळीच नसते. त्यांची मापे अशी धरलेली असतात की दाराची गरज पडू नये. काही जीप-मोटारींच्या टर्बोत डबी दाबावर न चालता शोषणावर चालते, व तिची तपासणीही उलट असते. तसेच १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या इंजिनांत डिझेलचे व हवेचे माप बहुधा विजेच्या यंत्राने राखले जाते. तेथे दांडीशी खेळ केला तर यंत्र स्वतःच दोष दाखवून इंजिनाचे बळ कमी करते. सबब पुढील विवेचन दाबावर चालणाऱ्या साध्या डबीचे आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, व आपल्या यंत्राच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते अगोदर पाहावे.

दांडी आखडण्याचा मोह का होतो, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ऊसवाहतुकीचा मोबदला टनावर व अंतरावर मिळतो. ट्रॅक्टर कर्जाऊ घेतलेला असतो, मुकादमास उचल दिलेली असते, हंगाम चार-पाच महिन्यांचा. दोन ट्रॉल्यांवर आणखी चार मोळ्या चढल्या तर तेवढाच हप्त्यास हातभार लागतो, असा हिशेब कोणीही करील. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर किंवा शहाजीनगर, कोणत्याही कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत उभे राहिले तर हाच हिशेब ऐकू येईल. तो करणारा माणूस लोभी असतो असे आम्ही म्हणत नाही. तो अडलेला असतो. परंतु अडलेल्या माणसासच चुकीची सल्ला अधिक महाग पडते.

कारण, या हिशेबात एक मोठी चूक आहे. डिझेल इंजिनाचे बळ हवेत नसून डिझेलात आहे. आहे त्या डिझेलास हवा पुरेशी मिळत असेल, तर दांडी आखडून नुसती हवा वाढविल्याने बळ फारसे वाढत नाही. म्हणून दांडी आखडणारा मिस्त्री पुढे डिझेल पंपाचे सील तोडून डिझेलही वाढवितो. मग खरोखरच ओढ वाढते, आणि त्याबरोबर सिलिंडरातील दाब वाढतो, पिस्टनच्या माथ्यावरील व टर्बोच्या चक्रावरील उष्णता वाढते, हेड गॅसकेटवरील ताण वाढतो. मात्र रेडिएटर तेवढाच राहतो, तेलाचा पंप तेवढाच राहतो, गिअरबॉक्स व मागचा आस तेवढाच राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ब्रेक तेवढेच राहतात. पालखी महामार्गावर रात्रीच्या वेळी दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन उतारावरून येणाऱ्या ट्रॅक्टरास थांबविण्याचे काम टर्बो करीत नाही.

या बाबतीत आम्ही दुसऱ्यांस शहाणपण शिकवितो, परंतु ते आम्हीही फुकट मिळविलेले नाही. आमच्या घरचा ट्रॅक्टर आमचा पुतण्या चालवितो. काही हंगामांपूर्वी दिवाळीनंतर तो ओढीस कमी पडू लागला व काळा धूर टाकू लागला. एका मिस्त्रीने पाहताक्षणी निदान केले की टर्बो "ढिला" आहे. दांडी आखडली, डिझेल वाढविले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर कालव्याच्या पुलाचा चढ झपाट्याने चढला, तेव्हा आम्हीही मान डोलाविली. संक्रांतीच्या सुमारास, तोड ऐन भरात असता, सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागला व इंजिनातील तेल उतरू लागले. टर्बोचा आस हातास हलत होता. म्हणजे त्याची बेअरिंगे गेली होती. ट्रॅक्टर उभा राहिला. तोडलेला ऊस फडात वाळत पडला, टोळी बसून राहिली, व दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिनतवारीने आणावा लागला.

नवा टर्बो बसविणाऱ्या दुसऱ्या कारागिराने सावकाशपणे एक एक जोड उकलला, तेव्हा मूळ दोष सापडला. टर्बोतून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप क्लिपाच्या खाली बोटभर चिरला होता. चक्र बिचारे हवा भरीत होते व ती चिरेतून निघून जात होती. दांडीचा काहीच अपराध नव्हता. ती आखडल्यामुळे चक्र फुटक्या पाइपातूनच अधिक हवा रेटण्यासाठी आपल्या मर्यादेपलीकडे फिरत राहिले, व शेवटी मोडले. पाटास भगदाड पडले असता धरणाची दारे बंद करून पाणी चढवावे, तसा हा प्रकार झाला. पाइपाची किंमत टर्बोच्या किमतीपुढे अगदी क्षुल्लक होती. तो चिरलेला तुकडा आम्ही अद्याप खिळ्यास टांगून ठेविला आहे.

म्हणून पहिला नियम हा की, ओढ कमी पडली तर दांडी ही शेवटची पाहावयाची वस्तू आहे, पहिली नव्हे. प्रथम हवेची जाळी पाहावी. आपल्याकडे पाचटाची व कच्च्या रस्त्याची धूळ एवढी असते की जाळी चोंदणे हाच निम्म्या तक्रारींचा उगम निघेल. नंतर हवेचे सर्व पाइप व क्लिपा पाहाव्या, इंटरकूलर असल्यास त्याचे जोड पाहावे. इंजिन चालू असता जोडांवर साबणाचे पाणी लावले तर गळती बुडबुड्यांनी कळते. मात्र फिरत्या पंख्याजवळ व तप्त सायलेन्सरजवळ हात नेऊ नये. मग डिझेलचे फिल्टर पाहावे. डबीकडे जाणारी बारीक नळी तडकली, सुटली वा उंदराने कुरतडली नाही ना, हे पाहावे. या नळीचा दोष विशेष कपटी असतो. ती फुटली तर डबीस हवा पोचत नाही, दार मिटलेलेच राहते, व टर्बो मर्यादेबाहेर हवा भरतो. मालकास मात्र ट्रॅक्टर जोरात चालतो याचा आनंद होत असतो. आपोआप वाढलेल्या ओढीचाही संशय घ्यावा, असे आमचे मत आहे.

दुसरा नियम तपासणीचा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दांडीचे टोक तरफेवरील खुंटीपासून सोडवावे व तरफ हाताने फिरवून पाहावी. ती पूर्ण फेऱ्यात अडखळल्यावाचून फिरली पाहिजे. काजळीने वा गंजाने दार मिटलेले अडकले असेल तर दाब मर्यादेबाहेर जाईल. उघडे अडकले असेल तर ओढ पडेल व काळा धूर होईल. दोन्ही वेळी दांडीचे आटे फिरविणे व्यर्थ आहे. दारच मोकळे केले पाहिजे. नंतर टर्बोचा आस बोटाने हलवून पाहावा. चक्र घराच्या कडेस घासत असेल तर तो टर्बो तपासणीचा राहिला नाही, दुरुस्तीचा झाला.

यानंतर दांडी पुन्हा खुंटीवर चढवून डबीची परीक्षा करावी. यासाठी दाबाचे घड्याळ लावलेला एक लहान हातपंप लागतो. डबीची नळी काढून तेथे पंपाची नळी जोडावी व हळूहळू दाब द्यावा. दांडी कोणत्या दाबावर प्रथम हलू लागते तो आकडा लिहून घ्यावा. नंतर पुस्तकात सांगितलेल्या दाबावर ती किती सरकते हे डायल गेजने मोजावे. हे अंतर बहुधा फार थोडे असते, नुसत्या डोळ्यास त्याचा अंदाज येत नाही. दाब तसाच धरून मिनिटभर थांबावे. घड्याळाचा काटा उतरू लागला तर पडदा फाटला आहे असे समजावे, व डबी बदलावी. असली डबी दांडीने सुधारत नाही.

येथे एक चूक सर्रास होते, ती टाळावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी कोणी थेट डबीस लावतात. टायर भरण्याच्या टाकीतील दाब डबीस लागणाऱ्या दाबाच्या कित्येक पट असतो. पडदा तत्काळ फाटतो, आणि तपासणी करावयास गेलेला मालक चांगली डबी बिघडवून परततो. तसेच दाबाच्या मापांचा घोटाळा होऊ देऊ नये. एक बार म्हणजे दर चौरस इंचास सुमारे साडेचौदा पौंड होय. पुस्तक एका मापात व घड्याळ दुसऱ्या मापात असले तर आधी कागदावर हिशेब मांडावा, मग पंप मारावा.

तिसरा नियम जुळवणीचा. जुळवणी करावीच लागत नाही असे नाही. डबी नवी बसविली, टर्बो खोलून पुन्हा जोडला, किंवा पूर्वी कोणी दांडी हलविली असल्याचे दिसून आले, तर ती पुस्तकातील मापास आणणे हे कर्तव्यच आहे. मात्र ते रीतीने करावे. दांडीवर व नटावर रंगाची खूण करावी. खुंटीपासून डबीच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजून लिहावे. लॉकनट सैल करून टोक खुंटीपासून सोडवावे, व टोकच फिरवावे. दांडी फिरवू नये, कारण दांडीस पीळ बसला की आतील पडद्यास पीळ बसून तो फाटतो. एका वेळी अर्धाच फेरा द्यावा. टोक पुन्हा बसवून पंपाने पुन्हा परीक्षा करावी. आकडा जुळला की लॉकनट आवळावा, नट आवळताना दांडी फिरली नाही हे पाहावे, पुन्हा एकदा परीक्षा करावी, व शेवटी रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे पुढे कोणी हात लाविल्यास कळेल. ज्या ट्रॅक्टरची हमीची मुदत चालू आहे व दांडीस कंपनीचे सील आहे, तेथे सील तोडण्यापूर्वी हमीचा कागद वाचावा.

चौथा नियम भारावरील परीक्षेचा. गॅरेजच्या अंगणात उभ्या ट्रॅक्टरचा रेस वाढवून "आता पाहा आवाज" म्हणणे ही परीक्षा नव्हे. भारावाचून डिझेल थोडे जळते, वायू थोडा निघतो व टर्बो आपला पूर्ण दाब दाखवीतच नाही. खरा आकडा पाहावयाचा तर इंजिनाच्या हवेच्या वाटेस दाबाचे घड्याळ जोडून ट्रॅक्टर शेतात नांगरास लावावा, किंवा कायद्याने मान्य भार घेऊन चढावर न्यावा, व काटा कोठे जाऊन स्थिरावतो ते पाहावे. तो पुस्तकातील मर्यादेवर स्थिरावला म्हणजे सांडवा वेळेवर सुटतो. तो वर वर चढतच गेला तर तेथेच थांबावे.

आमच्या या लिहिण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला हा की, आमचा मिस्त्री वीस वर्षांचा अनुभवी आहे, त्यास घड्याळाची गरज नाही. अनुभवास आम्ही नमस्कार करतो. परंतु आमची हयात महसुली दप्तरात गेली. तेथे गावातील जाणते लोकही "हद्दीचा दगड येथेच होता" असे शपथेवर सांगत, आणि मोजणी आली म्हणजे बांध कित्येक हात सरकलेला निघे. कोणी खोटे बोलत नसे. डोळ्यास सवय झालेली असे. म्हणूनच मोजणीवाचून हद्दीचा दगड हलविणे कायद्याने दंडपात्र ठरविले आहे. कारखान्याच्या बॉयलरचेही तेच. सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी करणे १९२३ च्या बॉयलर कायद्यानेच दंडपात्र ठरविले होते. बॉयलरवाला कितीही अनुभवी असो, त्यास व्हॉल्व्हवर वजन टांगून दाब चढविण्याची मोकळीक कोणी दिली नाही. ट्रॅक्टरच्या टर्बोस असा कायदा नाही. तेथे मालकाची अक्कल हाच कायदा आहे.

दुसरा आक्षेप असा की, शेजारच्याने दांडी आखडली, त्याचे दोन हंगाम सुरळीत गेले, मग आम्हीच का भ्यावे. शेजाऱ्याचे गेले असतील. यंत्र घडविणाऱ्याने प्रत्येक भागात थोडी जास्तीची शक्ती ठेवलेली असते, व ती काही काळ पुरते. परंतु ती शिल्लक पुढील उन्हाळ्यातील नांगरटीसाठी, जुन्या झालेल्या तेलासाठी, चोंदलेल्या रेडिएटरसाठी ठेवलेली असते. ती हंगामातच उधळली, तर अडचणीच्या दिवशी हाती काही उरत नाही. मुद्दल खाऊन श्रीमंती दाखविणारे घर किती दिवस टिकते, हे खातेउताऱ्यांतून आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

आता करावयाचे काय, ते सांगून लेख संपवितो. हातपंप, दाबाची दोन घड्याळे, एक डायल गेज व जोडणीच्या नळ्या, एवढे सामान एका शेतकऱ्यास वर्षातून एकदाच लागते. त्यासाठी त्याने खर्च करावा हे न परवडणारे आहे. परंतु आपल्या संघाने बारामतीस एक व इंदापुरास एक असे दोन संच घेतले, तर ते सर्व सभासदांस पुरतील. पितृपक्ष व नवरात्र यांच्या दरम्यान, कारखान्यांत बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तयारी चालते त्याच दिवसांत, सभासदांचे ट्रॅक्टर क्रमाने तपासावे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रास एक दिवसाचा वर्ग घेण्याची विनंती करावी, व दोन्ही तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांस हे काम हाताखाली शिकू द्यावे. ज्या तालुक्यात वालचंदनगरसारखे यंत्रे घडविणारे गाव आहे, तेथे दाबाचे घड्याळ वाचणारी मुले मिळत नाहीत असे म्हणवणार नाही. गावोगावच्या मिस्त्रींस या वर्गास सन्मानाने बोलवावे. त्यांना दोष देऊन काम होणार नाही. त्यांच्या हाती घड्याळ दिल्याने होईल.

आणि संचाबरोबर एक वही ठेवावी. तीत ट्रॅक्टरचा क्रमांक, तपासणीची तारीख, दांडी हलण्याचा दाब, दांडीची लांबी, भारावरील दाब व तपासणाऱ्याची सही एवढे सहा रकाने असावेत. कोणी जुळवणी केली तर जुना आकडा खोडू नये. फेरफार नोंदवितो त्याप्रमाणे नवा आकडा खाली लिहावा व कारण लिहावे. कोणी म्हणेल, हे जुन्या कारकुनाचे वेड आहे. असेल. परंतु आमच्या ट्रॅक्टरची अशी एक वही त्या दिवाळीपूर्वी असती, तर दांडीस हात लावण्याआधी मिस्त्रीने मागील आकडा पाहिला असता, पंप लावला असता, दांडी जागच्या जागी आहे हे त्यास दिसले असते, व त्याने दोष दुसरीकडे शोधला असता. चिरलेला पाइप त्याच संध्याकाळी सापडला असता.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासद बंधूंनी तोपर्यंत एवढे करावे: आपल्या ट्रॅक्टरचे पुस्तक पेटीतून शोधून काढावे, टर्बोच्या पानावर खूण घालावी, आणि ठराव येईपर्यंत दांडीस कोणाचाही पाना लागू देऊ नये.